चिऱ्याच्या घरात मागच्या पडवीपर्यंत वायफाय कसं न्यायचं

आमचं गावचं घर राजापूर तालुक्यात आहे, जुनं, जांभ्या चिऱ्याचं, पुढे ओटी, मग माजघर, बाजूला देवघर आणि वळई, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे पडवी, आणि डाव्या अंगाला नंतर वाढवलेलं दोन मजली स्लॅबचं बांधकाम. फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि आठ दिवसांत कळलं की नेट फक्त ओटीवर चालतंय. गणपतीला घरात १९ माणसं, आणि ज्याला फोनवर काही काम असेल तो ओटीच्या त्याच एका पायरीवर येऊन बसणार. पुतणीची ऑनलाइन परीक्षा होती, ती तिने खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्ची टाकून दिली, पावसाची सर आली की खुर्ची आत आणि सर गेली की परत बाहेर. ते बघून मला फार वाईट वाटलं आणि ठरवलं की हे नीट करायचंच. करता करता जे समजलं ते इथे लिहितोय, कारण मोठं घर म्हटलं की, मग ते कोकणातलं असो की सांगली-साताऱ्याकडचा तीन मजली बंगला असो, कहाणी हीच असते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या, इंटरनेट वेगळं आणि वायफाय वेगळं. आपण दोन्हीला नेटच म्हणतो म्हणून घोळ होतो. रस्त्यावरच्या खांबावरून जी बारीक काळी वायर घरात येते ते इंटरनेट, आणि त्या वायरच्या टोकाला जो पांढरा बॉक्स, म्हणजे राउटर, आहे तिथून तुमच्या फोनपर्यंत हवेतून जे जातं ते वायफाय. आगरात पाणी लावणाऱ्याला हे लगेच कळेल: विहिरीला पाणी भरपूर आहे, पंपही जोरात चालतोय, पण पाट मधेच फुटलाय म्हणून शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी पोचत नाही. आता अशा वेळी मोठा पंप आणून काय होणार. पण लोक नेमकं हेच करतात, मागच्या खोलीत नेट चालत नाही म्हणून १०० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन काढून ३०० चा घेतात, आणि मागच्या खोलीत काहीच फरक पडत नाही, फक्त ओटीवर जिथे आधीच चांगलं चालत होतं तिथे आणखी चांगलं चालतं. तर पहिलं काम म्हणजे बॉक्सपासून चार-पाच फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट करा. तिथे पैसे भरलेत तेवढं स्पीड येत असेल तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, दोष घराच्या आत आहे. तिथेच कमी येत असेल तर मात्र पुढचं सगळं नंतर, आधी कंप्लेंट टाका.

आता भिंत नेमकं काय करते ते बघू, कारण सगळं तिथेच अडतं. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी, आणि आपल्या घरच्या बॉक्समधून त्या दोन प्रकारच्या निघतात, एक २.४ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्या ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर आणि दुसरीची पाच-साडेपाच सेंटीमीटर. लांब लहर भिंतीतून जरा बरी जाते, आखूड लहर जास्त अडते. घरात भजन चालू असताना मागच्या खोलीत दार लावून बसा, मृदंगाचा ठेका ऐकू येत राहतो आणि टाळांचा आवाज जवळजवळ बंद होतो, तसंच हे. म्हणून २.४ लांब जातं पण त्याच्यात स्पीड कमी आणि गर्दी जास्त, शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात गडबड करतो. आणि ५ मध्ये स्पीड भरपूर, जागा मोकळी, पण दोन जाड भिंती पार केल्या की संपलं. तुमच्या फोनला वायफायची दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी ५जी असं लिहिलेलं, तर ते हे. मोबाईलच्या ५जी चा त्याच्याशी काही संबंध नाही, आमच्याकडे अण्णांचा बरेच दिवस तोच समज होता आणि तो समज अगदी साहजिक आहे, नावंच तशी ठेवलीत.

सिग्नल मोजतात तो डीबीएम नावाच्या मापात आणि तो आकडा नेहमी वजा असतो, उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल व्यवस्थित, उणे ७० ला अडखळायला लागतं, उणे ८० म्हणजे नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. या मापाची एक गंमत लक्षात ठेवा, ३ ने आकडा घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की एक दशांश, २० ने घसरला की शंभरावा हिस्सा. म्हणजे एका भिंतीने १० खाल्ले आणि दुसरीने १० खाल्ले तर तुम्हाला वाटेल वीसच गेले ना, पण प्रत्यक्षात शंभरातले नव्व्याण्णव भाग गेले. साधी साडेचार इंची विटांची आतली भिंत थोडंच खाते, नऊ इंची त्याहून जास्त, आणि सळया असलेला स्लॅब, कॉलम, बीम हे सगळ्यात वाईट कारण काँक्रीटमध्ये लोखंडाची जाळीच असते. आमच्या जुन्या घराच्या भिंती गिलाव्यासकट सव्वा-दीड फुटाच्या आहेत, त्यात जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात ओल धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मी फोनवर ॲप टाकून घरभर फिरलो आणि वहीत लिहून घेतलं: ओटी उणे ४१, माजघर उणे ६३, स्वयंपाकघर उणे ८०, मागची पडवी उणे ८८ आणि मधेच गायब. वरच्या मजल्यावर तर बॉक्सच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात नावही दिसत नव्हतं. ॲन्ड्रॉइड फोनला वायफाय ॲनालायझर म्हणून शोधलं की असली बरीच फुकट ॲप्स मिळतात. हे मोजणं तुम्ही जरूर करा, अर्धा तास लागतो, पण नंतरचे पैसे वाचतात.

अजून एक, जे मला बराच काळ लक्षात आलं नव्हतं. भिंत किती जाड आहे याइतकंच सिग्नल ती किती तिरपा ओलांडतो हेही महत्त्वाचं. काटकोनात गेला तर एक फूट भिंत म्हणजे एक फूटच, पण अगदी तिरका, समजा काटकोनापासून ६० अंश कलून गेला, तर त्याला भिंतीतून दोन फूट प्रवास करावा लागतो. बॉक्स एका टोकाच्या खिडकीत असला की घरातल्या निम्म्या खोल्यांकडे तो तिरपाच बघत असतो. म्हणून बॉक्सची जागा ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती जागा ठरते कशी तर कनेक्शन द्यायला आलेला मुलगा खांबावरून वायर जिथे सगळ्यात जवळ पडेल तिथे भोक पाडतो आणि तिथेच खिळा ठोकतो. त्याला दिवसात अशी बरीच घरं करायची असतात, त्याची चूक नाही, पण आपण त्या वेळी घरी असलं पाहिजे आणि ‘दादा, अजून २० मीटर वायर आत घ्या, बॉक्स माजघरात बसवा’ हे सांगायला पाहिजे.

आधीच बसवून झाला असेल तरी हलवता येतो. फायबरची वायर काचेची असते, तिला फक्त दोन गोष्टी सोसत नाहीत, तीक्ष्ण वळण आणि टोकाला लागलेली धूळ. कोपऱ्यातून नेताना बांगडीपेक्षा लहान गोल होऊ देऊ नका, आणि ते हिरवं टोक बोटाने पुसायला जाऊ नका. वायर पुरत नसेल तर जोड मारून वाढवावी लागते, त्याचं मशीन त्यांच्याकडे असतं, त्यांनाच बोलवा. आमचा बॉक्स आम्ही ओटीच्या खिडकीतून काढून माजघरात दारावरच्या फळीवर ठेवला आणि एवढ्यानेच स्वयंपाकघर उणे ८० वरून उणे ६९ वर आलं, खर्च जवळपास काही नाही. बॉक्स उंचावर ठेवा, उघडा ठेवा, टीव्हीच्या मागे नको, गोदरेजच्या कपाटाशेजारी नको, मोठ्या आरशामागे नको, फिश टँकजवळ नको. बरेच जण दिसायला बरं नाही म्हणून टीव्ही युनिटच्या कप्प्यात बंद करून ठेवतात, आतून गरमही होतो आणि सिग्नलही अडतो. ॲन्टेना बाहेर असतील तर एवढं लक्षात ठेवा की उभा ॲन्टेना सिग्नल आडवा पसरवतो, त्याच मजल्यावर, टोकाच्या दिशेने तो फारसा टाकत नाही. वरच्या मजल्यावर पाहिजे असेल तर एक ॲन्टेना आडवा करून बघा.

आता दुकानात गेलात की पहिला सल्ला मिळतो तो चार-सहा ॲन्टेनांचा हाय पॉवर राउटर घ्या म्हणून. हे का चालत नाही ते समजून घेणं फार गरजेचं आहे. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं असतं, राउटर बोलतो आणि फोन उत्तर देतो, प्रत्येक लहान तुकडा पोचला की फोनने ‘मिळाला’ असं सांगावं लागतं. राउटर भिंतीला जोडलेला, त्याला वीज भरपूर. फोन बॅटरीवर, त्याचा आवाज बारीक. तुम्ही माजघरात लाउडस्पीकर लावला तर पडवीतल्या माणसाला ऐकू येईल हो, पण पडवीतला माणूस तुमच्याशी साध्या आवाजातच बोलणार, ते तुम्हाला कसं ऐकू येणार? म्हणूनच कितीतरी घरांत फोनवर बऱ्यापैकी रेंज दिसते आणि तरी काही उघडत नाही, लोक म्हणतात नेट बंद आहे. बंद नसतं, फोनचं उत्तर परत पोचत नसतं. तेव्हा लांबून जोरात ओरडण्याला मर्यादा आहे, माणसाच्या जवळ जाऊन बोलणं हाच उपाय, म्हणजे घरात दुसरी, तिसरी वायफायची जागा तयार करायची. इथून पुढचा सगळा प्रश्न एवढाच उरतो की त्या दुसऱ्या जागेपर्यंत नेट न्यायचं कसं.

सगळ्यात स्वस्त रस्ता रिपीटर, ज्याला एक्स्टेंडरही म्हणतात, प्लगमध्ये खोचायचा छोटा डबा. मी पहिल्यांदा तोच आणला होता आणि स्वयंपाकघरात लावला होता, जिथे नेट येत नव्हतं तिथेच. ती माझी चूक होती. रिपीटर स्वतः नेट तयार करत नाही, तो जे ऐकतो तेच पुढे सांगतो, त्यालाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार, फोनला रेंज मात्र फुल दाखवतो कारण फोन रिपीटरच्या शेजारी असतो. रिपीटर लावायचा तर मधल्या जागी, जिथे मूळ सिग्नल उणे ६० ते ६५ च्या आसपास आहे तिथे. आणि तरी साध्या रिपीटरमध्ये एक अडचण राहतेच, तो एकाच चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एकाच वाटेवर, आधी ऐकतो आणि मग बोलतो, दोन्ही एकदम करू शकत नाही, म्हणून स्पीड सरळ निम्म्यावर येतं. दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हींवर चालणारा, रिपीटर एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलू शकतो, तो बरा. एका खोलीपुरतं, व्हॉट्सॲप आणि यूपीआय एवढंच पाहिजे असेल, भाड्याचं घर असेल, भोक पाडता येत नसेल तर रिपीटर घ्यायला हरकत नाही. पण एका रिपीटरला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ लावू नका, प्रत्येक उडीत पुन्हा निम्मं होत जातं.

मग येतं मेश. हल्ली सगळीकडे याचीच जाहिरात असते, दोन किंवा तीन सारखेच डबे, घरभर एकच नाव, एकच पासवर्ड, ॲपवरून पाच मिनिटांत सेट होतं. चांगली वस्तू आहे, मी नावं ठेवणार नाही, डबे एकमेकांशी बोलून रस्ता ठरवतात, चालता चालता फोनला जवळच्या डब्याकडे जायला मदत करतात. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारा, हे डबे एकमेकांशी बोलणार कशातून? हवेतूनच बोलणार असतील तर त्यांनाही तीच दीड फुटाची भिंत आणि तोच स्लॅब ओलांडायचाय. खोक्यावर इतके हजार स्क्वेअर फूट म्हणून आकडा लिहिलेला असतो, तो वाचून आपण आपल्या घराचं क्षेत्रफळ मोजतो आणि हिशोब लावतो. त्या आकड्यात तुमच्या भिंती धरलेल्या नसतात. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेली असतात, तिथे वायफाय चार खोल्या सहज पार करतं. आपल्याकडे विटा, चिरा, काँक्रीट. शेजारच्या गावात एका ओळखीच्यांनी तीन डब्यांचा महागडा सेट घेतला आणि तिसरा डबा वरच्या मजल्यावर सारखा लाल दिवा दाखवायचा, शेवटी तो जिन्यात, जिथे स्लॅबला मोकळी जागा आहे तिथे आणला तेव्हा चालला. जिना, उघडी खिडकी, दार, या मोकळ्या वाटा हेरून डबे ठेवले तर हवेतलं मेशही काम देतं. तीन बँडचं असेल तर एक बँड डब्यांच्या आपापसातल्या बोलण्याला राखून ठेवता येतो, त्याने स्पीड निम्मं होण्याचा त्रास कमी होतो.

पण माझं मन विचाराल तर तार टाका. वायफाय चांगलं पाहिजे असेल तर घरात वायर फिरवा, ऐकायला उलटं वाटतं पण हेच खरं आहे. वायफायला भिंती ओलांडायला लावूच नका, भिंती वायरने ओलांडा आणि वायफायकडे फक्त एका खोलीतलं काम ठेवा. लॅन केबल, म्हणजे राउटरला लावायची नेटची तार, १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट (१००० एमबीपीएस) स्पीड काहीही न सांडता नेते, भिंत किती जाड, पाऊस पडतोय का, शेजाऱ्याचा राउटर कुठल्या चॅनलवर आहे, तिला काही फरक पडत नाही. आणि ही गोष्ट एकदाच करायची असते, डबे दर चार-पाच वर्षांनी बदलतील, वायर तीच राहील.

केबल घेताना कॅट ६ (हा केबलचा दर्जा) घ्या, आणि शुद्ध तांब्याची घ्या, इथे बरीच फसवणूक चालते. स्वस्त बंडलात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो, खोक्यावर सीसीए अशी तीन अक्षरं कुठेतरी बारीक असतात. तार चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते. ती कमी अंतरावर चालते, पण लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज न्यायची म्हटलं की गरम होते. दुकानदाराला स्पष्ट विचारा, प्युअर कॉपर आहे का, नसेल तर परत करणार.

आमच्याकडे माळा आहे त्यामुळे सोपं गेलं, माजघरातून केबल वर माळ्यावर नेली, तिथून एक स्वयंपाकघराच्या वर उतरवली आणि दुसरी नव्या बांधकामाच्या वरच्या मजल्यात. उंदीर असतात म्हणून पूर्ण पीव्हीसी पाइपातून नेली, हे नक्की करा, उंदराने कुरतडलेली केबल माळ्यावर शोधणं फार त्रासाचं काम आहे. बंगल्यात माळा नसेल तर बाहेरच्या भिंतीवरून पाइपात, किंवा केबल टीव्हीची जुनी वायर ज्या पाइपातून गेलीय त्यातून, ती वायर आता वापरात नसेल तर तिलाच नवी केबल बांधून ओढून घेता येते. लाइटच्या वायरिंगच्या पाइपात मात्र लॅन केबल घालू नका. इलेक्ट्रिशियन म्हणतो काय होतंय, पण सुरक्षेसाठीही वाईट आणि सिग्नललाही. लाइटच्या वायरला ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा, शेजारून लांबवर समांतर नेऊ नका.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. टोकांना प्लास्टिकची पिन मारताना तारांचा क्रम दोन्हीकडे सारखा पाहिजे, सगळे वापरतात तो क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आता एक छोटी खूण सांगतो जी खूप उपयोगी पडते. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी तार नीट बसली नसली तरी बऱ्याचदा केबल बंद पडत नाही, ती गुपचूप १०० वर येते. तेव्हा प्लॅन ३०० चा, बॉक्सजवळ ३०० येतंय आणि केबलच्या पलीकडे स्पीड टेस्ट ९४-९५ वर येऊन थांबतेय, कितीही वेळा केली तरी तेवढीच, तर पहिला संशय पिनवर घ्या, दोन्ही टोकं कापून परत मारा. पिन बरोबर निघाली तर मग जोडलेलं जुनं राउटर किंवा स्विच (एका केबलमधून अनेक केबल काढायचा डबा) १०० वालं आहे का ते बघा.

केबलच्या पलीकडच्या टोकाला काय लावायचं? ॲक्सेस पॉइंट, म्हणजे असा डबा जो केबलमधून आलेलं नेट फक्त हवेत सोडतो, बाकी डोकं चालवत नाही. नवीन घ्यायलाच पाहिजे असं नाही, घरात जुना राउटर पडलेला असेल तर तोच चालतो, आम्ही वरच्या मजल्यावर तोच लावला. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि विषय संपला. नसेल तर हाताने करा: डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला, मूळ बॉक्स १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि केबल त्याच्या वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या भोकात न लावता साध्या लॅनच्या भोकात लावा. डीएचसीपी का बंद करायचं ते सांगतो. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एक नंबर लागतो, आणि तो वाटायचं काम एकाच जागी व्हायला पाहिजे. मंदिरात दर्शनाच्या रांगेत दोन माणसं आपापल्या मनाने टोकन वाटायला लागली तर एकच नंबर दोघांकडे जाईल आणि भांडणं होतील, तेच इथे होतं, मधेच एखाद्याचं नेट जातं आणि कारण सापडत नाही. हे काम मूळ बॉक्सकडे ठेवा, बाकीच्यांनी फक्त सिग्नल द्यायचा.

नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा, अक्षर न् अक्षर सारखं, सुरक्षेचा प्रकारही सारखा. चॅनल मात्र वेगवेगळे. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनल आहेत, १, ६ आणि ११, तर माजघर १, स्वयंपाकघर ६, वरचा मजला ११ असं वाटून द्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ मध्ये जागा भरपूर आहे, २०१८ मध्ये सरकारने आणखी मोठा पट्टा परवान्याशिवाय खुला केला, त्यामुळे ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ यातले आरामात मिळतात. मधले काही चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडून द्यावे लागतात, म्हणून उगाच तिथे जाऊ नका.

आता तीन जागा झाल्या, तरी एक तक्रार येते आणि आमच्याकडेही काकीने केली: माजघरातून स्वयंपाकघरात गेलं तरी फोन माजघराच्याच वायफायला चिकटून राहतो. कुठल्या डब्याला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर नाही, आणि फोनला वाटतं की तुटेपर्यंत जुनं सोडू नये. उपाय असा की प्रत्येक डब्याची पॉवर, विशेषतः २.४ ची, कमी करायची. हो, कमी. सेटिंगमध्ये हाय, मीडियम, लो असतं, मीडियम करा. मग पलीकडच्या खोलीत जुना सिग्नल खरंच कमकुवत होतो आणि फोन त्याला सोडतो. नव्या डब्यांमध्ये ८०२.११ के, व्ही आणि आर अशी सोय असते, चालू करून बघा, फोनला पुढच्या डब्याची आधीच कल्पना मिळते. कुठे कुठे जुने फोन ‘आर’ मुळे जोडलेच जात नाहीत, तसं झालं तर तेवढं एक बंद करा.

टीव्ही आणि घरात कॉम्प्युटर असेल तर त्यांना केबलच लावा, ते जागचे हलत नाहीत, आणि तेवढीच हवा फोनसाठी मोकळी राहते. स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, म्हणून २.४ पूर्ण बंद करू नका.

विजेचं बोलायलाच पाहिजे, कारण कोकणात जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि तेव्हाच फोनचे टॉवरही बसतात, घरचं फायबर तेवढं चालू असतं. बॉक्स इन्व्हर्टरवर आहे पण वरचा ॲक्सेस पॉइंट साध्या प्लगवर आहे, असं झालं तर अंधारात वरचा मजला परत बंद. यासाठी पीओई म्हणजे लॅन केबलमधूनच वीज देण्याची सोय फार छान आहे. माजघरात बॉक्सशेजारी एक इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा, त्याला इन्व्हर्टरचा पॉइंट, आणि स्वयंपाकघराच्या छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटला फक्त लॅन केबल, तिथे प्लगची गरजच नाही. साधा पीओई पोर्ट १५ वॉटपर्यंत देतो, घरच्या ॲक्सेस पॉइंटला तेवढं सहसा पुरतं. फक्त इंजेक्टर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्हीवर एकच स्टँडर्ड लिहिलंय का ते बघून घ्या, काही डबे वेगळ्याच व्होल्टेजवर चालतात.

आणि हे सगळ्यात कळकळीने सांगतो. गोठ्यात कॅमेरा पाहिजे म्हणून मी खळ्यावरून उघडी लॅन केबल टाकली होती, ६० फूट. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, विजा चमकल्या, घरावर वीज पडली नाही, कुठेतरी लांब डोंगरावर पडली असेल, पण त्या केबलमधून झटका आला आणि कॅमेरा, स्विच आणि बॉक्सचं एक पोर्ट गेलं. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, अंगण ओलांडून, तांब्याची केबल टाकू नका. तिथे फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात, फायबर आणि लॅन केबल एकमेकांना जोडणारे, हातात मावतील एवढे डबे असतात, आणि तयार टोकं मारलेली फायबरची वायर पाहिजे त्या लांबीची मिळते. फक्त तिला मजबुतीसाठी आत लोखंडी तार नसलेली बघून घ्या. नाहीतर समोरासमोर दिसणाऱ्या दोन छोट्या पॉइंट टू पॉइंट ॲन्टेना लावता येतात, मधे झाड येत नसेल तर.

नवीन घर बांधत असाल तर स्लॅब पडायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून सांगा, लाइटच्या पाइपापासून वेगळे एक इंची पाइप, प्रत्येक मजल्यावर हॉलच्या किंवा पॅसेजच्या मध्यावर छताला एक टोक, आणि सगळ्यांचं दुसरं टोक एका ठिकाणी, जिथे फायबर येणार आणि इन्व्हर्टरचा पॉइंट असणार. आत्ता केबल नाही टाकली तरी चालेल, पाइपात ओढायची दोरी तेवढी सोडून ठेवा. स्लॅब झाल्यावर हेच काम दहापट किचकट होतं.

आमच्याकडे सगळं लागल्यावर मी परत वही घेऊन फिरलो. स्वयंपाकघर उणे ५१, वरचा मजला उणे ४७, देवघर उणे ५८. या वर्षी गणपतीला काकी मोदक वळता वळता मस्कतच्या लेकीशी व्हिडिओवर बोलत होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, दीड तास कॉल तुटला नाही. मागची पडवी कोरड्या दिवसांत उणे ७० असते, भिंतीला ओल आली की ७५. दिवाळीनंतर भिंत सुकली की तिथपर्यंत अजून एक केबल ओढायची आहे, पाइप आणून ठेवलाय.